उलटून येणारा दाह

अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारात औषधे थकली की मोठे आतडे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली जाते आणि त्यानंतर हा आजार संपतो असे रुग्णाला सांगितले जाते. ते बहुतांशी खरेही असते, कारण ज्या अवयवात त्याचे ठाण असते तो अवयव शरीरात जवळजवळ उरत नाही. तथापि काढलेल्या आतड्याच्या जागी लहान आतड्याचा शेवटचा भाग दुमडून जी नवी पिशवी शिवली जाते, आणि जिला इंग्रजी ‘जे’ अक्षरासारख्या आकारामुळे जे-पाउच म्हणतात, तिला स्वतःचे एक दुखणे जडू शकते. त्याचे नाव पाउचायटिस, म्हणजे पाउचच्या अस्तराचा दाह. अनेकांना तो एखाद्या वेळी होतो आणि पंधरवड्याच्या औषधाने जातो. काहींच्या बाबतीत मात्र तो वर्षातून अनेकदा उलटतो, आणि मग अशा रुग्णाचे पुढचे आयुष्य शल्यविशारदाच्या हाताइतकेच त्या उलटण्याची हाताळणी कशी होते यावर अवलंबून राहते. ही हाताळणी महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला खेटून असलेल्या गोंदिया जिल्ह्यात जे रूप घेते ते मुंबई-पुण्यातल्या रूपाहून वेगळे असते, कारण तिथे भाताची शेती, मे महिन्याचे ऊन, नागपूरचे अंतर आणि चिठ्ठीविना हाती पडणारी गोळी हे सारे त्या आजाराचे घटक होऊन बसतात.

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला येणारी सूज आणि व्रण. रक्तमिश्रित शौच, पोटात मुरडा, वारंवार घाई लागणे आणि वजन उतरणे ही त्याची लक्षणे खेड्यात आव किंवा मूळव्याध म्हणून इतकी परिचित असतात की खरे निदान होण्याआधी बराच काळ त्याच नावांखाली उपचार चालतात. हा आजार पाश्चात्त्य देशांचा, अशी समजूत भारतात दीर्घकाळ होती. लुधियानाच्या अजित सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंजाबात घरोघरी जाऊन केलेली पाहणी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा दर लाख लोकांमागे सुमारे 44 जणांना तो असल्याचे दिसले आणि ती समजूत ढासळली. पंजाबचे प्रमाण विदर्भाला जसेच्या तसे लावणे शास्त्राला धरून होणार नाही, तरी निव्वळ अदमासासाठी ते लावले तर 2011 च्या जनगणनेनुसार 13 लाख 22 हजार वस्तीच्या गोंदिया जिल्ह्यात असे पाचशेहून अधिक रुग्ण असावेत. त्यांतले शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचणारे थोडे, आणि शस्त्रक्रियेनंतर वारंवार पाउचायटिस होणारे त्याहूनही थोडे. परंतु संख्या थोडी असल्यामुळेच त्यांच्या दुखण्याची ओळख तालुक्याच्या डॉक्टरांना होण्याची संधी कमी पडते, आणि रुग्णावर स्वतःच्या आजाराचा जाणकार होण्याची जबाबदारी येऊन पडते.

या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाही. पूर्वी मोठे आतडे आणि गुदाशय काढल्यावर लहान आतड्याचे टोक पोटावर केलेल्या छिद्रातून, म्हणजे स्टोमातून, बाहेर आणावे लागे आणि त्यावर जन्मभर पिशवी चिकटवावी लागे. स्वीडनमधील गोटेनबर्गचे निल्स कॉक यांनी 1969 मध्ये पोटाच्या आतच लहान आतड्याची साठवण-पिशवी करण्याची पद्धत मांडली, आणि पाउचायटिस हे नावही पुढे त्यांच्याच कामातून रूढ झाले. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील अॅलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी 1978 मध्ये अशी पिशवी थेट गुदद्वाराला जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली, त्यामुळे नैसर्गिक मार्गाने शौचाला जाणे पुन्हा शक्य झाले; 1980 मध्ये जपानचे जोजी उत्सुनोमिया यांनी ती पिशवी जे-आकारात शिवली आणि शिवायला सोपा असल्यामुळे तोच आकार जगभर स्थिरावला. लहान आतड्याचा शेवटचा तीस ते चाळीस सेंटिमीटरचा भाग दुमडून त्याच्या दोन बाजू एकमेकींना जोडतात आणि त्यांच्यामधला पडदा काढून एक पोकळी तयार करतात. बहुधा हे काम दोन किंवा तीन टप्प्यांत होते आणि मधल्या काळात पाउच भरून यावा म्हणून तात्पुरता स्टोमा ठेवला जातो. सारे नीट बसले तरी दिवसाला चार ते आठ वेळा शौच होणे हेच अशा माणसाचे आरोग्य असते. हा आकडा ऐकून शेजारीपाजारी हळहळतात, पण दिवसात वीस वेळा रक्त पडण्याचा काळ ज्याने काढला आहे त्याला तो आकडा पुष्कळ सुखाचा वाटतो.

पाउचमध्ये दाह का होतो ते इथल्याच तलावांवरून समजते. पूर्व विदर्भात मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी, नाल्यांचे वाहते पाणी बांध घालून अडवले आणि त्यातून हजारो तलाव उभे राहिले, ज्यांना आज माजी मालगुजारी तलाव किंवा थोडक्यात मामा तलाव म्हणतात. वाहते पाणी थांबले की तळाशी गाळ बसतो, शेवाळ धरते आणि त्यात जगणारी सृष्टीच बदलते. तलाव हा अडवलेला नाला असला तरी तो नाला राहत नाही. लहान आतड्याचे पाउचमध्ये रूपांतर होते तेव्हा नेमके हेच घडते. ज्या आतड्यातून अन्नरस न थांबता पुढे सरकायचा त्यात आता मळ साठून राहतो, त्याबरोबर मोठ्या आतड्यात वस्ती करणारे असंख्य जिवाणू तिथे येतात, आणि अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे हळूहळू आखूड होऊन ते अस्तर मोठ्या आतड्याच्या अस्तरासारखे दिसू लागते. बहुतेक शरीरे हा बदल पचवतात. काही शरीरांची प्रतिकारशक्ती मात्र या नव्या जिवाणूंशी जमवून घेऊ शकत नाही आणि जी लढाई पूर्वी मोठ्या आतड्यात चालू होती ती पाउचमध्ये पुन्हा सुरू होते. या समजुतीला बळ देणारी एक गोष्ट लक्षणीय आहे. आनुवंशिक पॉलिपोसिस या वेगळ्या आजारात मोठ्या आतड्यात शेकडो गाठी उठतात आणि कर्करोगाच्या भयाने ते आतडे काढून अगदी तसाच जे-पाउच बसवला जातो. त्या रुग्णांत पाउचायटिस क्वचितच होतो, तर अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो कधी ना कधी गाठतो. पाउच तोच, शिवण तीच. फरक आहे तो माणसाच्या मूळ प्रकृतीत. शस्त्रक्रिया बिघडली किंवा पथ्य मोडले म्हणून हे भोगावे लागते, असे जे घरोघरी बोलले जाते आणि ज्याचा दोष बहुतेक वेळा रुग्णाच्या जिभेवर ठेवला जातो, त्याला या निरीक्षणामुळे आधार उरत नाही.

दाह सुरू झाला की शौचाची संख्या वाढते, घाई अशी लागते की दाराशी पोहोचेपर्यंत निभत नाही, ओटीपोटात कळ येते, रात्री झोपेत कपडे खराब होतात, कधी ताप येतो आणि कधी सांधे धरतात. दुर्बिणीने पाउच आतून पाहिला तर चित्र स्पष्ट होते. निरोगी पाउचचे अस्तर फिकट गुलाबी असते आणि त्यावर बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी दिसते. दाह झालेल्या पाउचमध्ये ती नक्षी पुसली जाते, अस्तर लालसर आणि रवाळ होते, दुर्बिणीचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त झिरपते, जागोजागी चिकट पांढुरका स्राव आणि उथळ व्रण दिसतात. ही तपासणी काही मिनिटांची असते आणि बहुतेकदा भूल न देता होते. लक्षणे, दुर्बिणीतले दृश्य आणि सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा या तिन्हींना प्रत्येकी सहा गुण देऊन एकूण अठरापैकी सात किंवा अधिक गुण झाल्यास पाउचायटिस म्हणावे, असे एक मोजमाप अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1994 मध्ये ठरवले; पुढे सूक्ष्मदर्शकाचा भाग वगळून बारापैकी पाच गुणांवर निदान करणारे सुटसुटीत रूपही आले, आणि जिथे तुकड्याचा अहवाल येण्यात दिवस जातात तिथे ते विशेष उपयोगाचे ठरते. या मोजमापांमागचा आग्रह एकच आहे, की केवळ लक्षणांवरून पाउचायटिस ठरवू नये.

पहिल्या वेळच्या दाहाला सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकांचा सुमारे दोन आठवड्यांचा क्रम दिला जातो आणि बहुतेकांना काही दिवसांतच उतार पडतो. दोहोंपैकी सिप्रोफ्लॉक्सासिन अधिक सोसते. मेट्रोनिडॅझोलने तोंडाला धातूची चव येते, अन्नावरची वासना जाते आणि ते महिनोन्महिने घेतले तर पायांना मुंग्या येऊन बधिरपणा येऊ शकतो, जो औषध थांबवूनही लवकर जात नाही. त्यावर मद्य घेऊ नये असे सांगतात, आणि ज्या मुलखात मोहाची दारू सणावारी घरात असते तिथे हा इशारा चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून भागत नाही, तो तोंडाने आणि घरच्यांच्या देखत सांगावा लागतो. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतले तर ते पोटात नीट शोषले जात नाही. पाउचच्या रुग्णाला पुष्कळदा रक्त कमी म्हणून लोहाची गोळीही चालू असते, त्यामुळे दोन्ही गोळ्या एकत्र गिळल्या जातात आणि औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष निघतो.

औषधाने बरे वाटले, ते थांबवले आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच सुरू झाले, तर तो उलटणारा पाउचायटिस. औषध चालू असेपर्यंतच बरे वाटत असेल तर तो प्रतिजैविकावर अवलंबून असलेला, आणि औषधाला जुमानतच नसेल तर तो प्रतिजैविकाला न बधणारा. ही विभागणी कागदावर सोपी दिसते, परंतु ती करण्यासाठी मागच्या वेळी कोणते औषध, किती दिवस, कितपत उतार आणि किती काळाने पुन्हा त्रास हे माहीत असावे लागते, आणि तेच बहुधा कुणाला ठाऊक नसते. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या गावात राहणारा रुग्ण तिसऱ्या-चौथ्या वेळी त्रास सुरू झाल्यावर नागपूर गाठत नाही. जुन्या गोळ्यांचे रिकामे पाकीट घेऊन तो बाजारातल्या मेडिकलमध्ये जातो, आणि कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या त्या गोळ्या पाकीट पाहून दिल्या जातात. पाच दिवसांत बरे वाटले की उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात राहतात. या वागण्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण एका दिवसाची मजुरी, प्रवासाचे भाडे आणि सोबत येणाऱ्याचा खाडा यांचा हिशेब केला तर मेडिकलचे दुकान हाच त्या माणसाला परवडणारा दवाखाना असतो. तरीही या आजाराच्या हाताळणीतला सर्वांत मोठा धोका नेमका तिथेच आहे. प्रत्येक वेळचा त्रास हा तोच जुना दाह आहे असे गृहीत धरले जाते, आणि ते गृहीत पुष्कळदा चुकते.

पाउचवाल्या माणसाला जुलाब होण्याची कारणे अनेक असतात. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले की साऱ्या गावाला होणारे जुलाब त्यालाही होतात आणि ते बहुधा प्रतिजैविकाशिवाय बरे होतात. वारंवार प्रतिजैविके घेणाऱ्यांच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू माजतो, त्याची लक्षणे हुबेहूब पाउचायटिससारखी असतात, आणि अशा वेळी तेच जुने औषध पुन्हा देणे म्हणजे त्या जिवाणूला मोकळे रान देणे असते. पाउच आणि गुदद्वार यांच्या सांध्यावर गुदाशयाच्या अस्तराची एक अरुंद पट्टी शिल्लक असते, तिथे मूळचा कोलायटिस उठला तर त्याला कफायटिस म्हणतात आणि त्यावरचा उपाय वेगळा असतो. सांधा अरुंद झाला, पाउच नीट रिकामा होत नसला, तरीही घाई आणि वारंवारता वाढते. काहींच्या बाबतीत मूळ आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस नसून आतड्याच्या दाहाचाच दुसरा प्रकार असलेला क्रोन्सचा आजार होता असे वर्षांनंतर उघड होते.

एक कारण तर गोंदियाच्या शेतीशीच निगडित आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की बांधीतल्या चिखलात घोटाभर पाण्यात दिवसभर वाकून पऱ्हे लावावे लागते आणि संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. त्या दिवसांत डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन यांसारख्या दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या घरोघरी खाल्ल्या जातात. याच वर्गातली औषधे पाउचच्या अस्तराला इजा करतात आणि शांत असलेला दाह चेतवतात. ती थांबवली तर काही रुग्णांचा ‘उलटणारा’ आजार उलटायचा थांबतो. अंगदुखीवर पॅरासिटॅमॉल घ्यावे, दुसरे काही घेऊ नये, हे एक वाक्य रोवणीपूर्वी त्या रुग्णाच्या कानावर पडणे महागड्या औषधाहून मोलाचे ठरू शकते.

क्षयरोगाचा प्रश्न याहून गंभीर आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन ज्या औषधांच्या कुळातले आहे त्या कुळाचा क्षयाच्या जंतूवर काही अंशी परिणाम होतो, आणि त्यातलीच काही औषधे नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या क्षयावरची मुख्य हत्यारे आहेत. भारतात क्षय मुबलक आहे, आतड्याचा क्षयही आहे. अशा देशात वर्षभर मनाने सिप्रोफ्लॉक्सासिन घेत राहिले तर अंगात दबून असलेला क्षय अर्धवट झाकला जाऊन निदान लांबते आणि जंतू त्या औषधाला सरावतात. युरोप-अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचना वाचताना भारतीय डॉक्टराने हा मुद्दा स्वतःच्या शाईने समासात लिहून ठेवावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

दाह उलटतच राहिला तर पुढे काय, यावर अमेरिकेतील आतड्याच्या आजारांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये सविस्तर सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा आशय असा, की उलटणाऱ्या दाहात प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जिवाणूंचे मिश्रण, देऊन पाहता येते. प्रतिजैविकाशिवाय चालतच नसेल तर ते कमीत कमी मात्रेत, मधूनमधून खंड देऊन किंवा औषधे आलटून-पालटून चालू ठेवावे. आणि तेही भागत नसेल तर प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या नव्या औषधांकडे वळावे. प्रोबायोटिकच्या बाजूने सर्वांत ठळक पुरावा इटलीतील बोलोन्याचा आहे. तिथे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ जातींच्या जिवाणूंचे मिश्रण घेणाऱ्या वीस जणांपैकी नऊ महिन्यांत तिघांचाच आजार उलटला, तर निष्क्रिय भुकटी घेणाऱ्या वीसच्या वीस जणांचा उलटला. चाचणी लहान होती, आणि हा निकाल त्या विशिष्ट मिश्रणापुरता आहे. प्रोबायोटिक असे नाव छापलेली कोणतीही कुपी त्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय असे जिवंत जिवाणू थंडाव्यात ठेवावे लागतात, आणि मे महिन्यात पारा 44-45 अंशांना टेकतो, दुपारभर वीज जाते आणि घरात फ्रीज नसतो तेव्हा ते पाकीट उघडेपर्यंत त्यातले किती जिवंत राहिले असतील हा प्रश्न उरतोच. नव्या औषधांपैकी आतड्यापुरतेच काम करणारे व्हेडोलिझुमॅब हे शिरेतून द्यायचे औषध 102 रुग्णांवर तपासले गेले आणि त्याचा निकाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाव्या आठवड्याला औषध घेणाऱ्यांपैकी 31 टक्के जणांचा दाह शमला होता, निष्क्रिय द्रव घेणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्के होते. प्रगती निश्चित आहे, पण तीनातल्या दोघांना हेही पुरत नाही, आणि ते सातत्याने घ्यायचे तर नागपूरच्या फेऱ्या अटळ आहेत.

नागपूर रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. हावडा-मुंबई मार्गावरचे मोठे जंक्शन असल्याने गोंदिया शहराला गाड्यांची वाण नाही, पण शहरापर्यंत येण्यासाठी आतल्या गावाहून एसटी धरावी लागते आणि एसटीत शौचालय नसते. दाह उठलेला असताना हा प्रवास कसा काढायचा याच विचाराने माणूस आदल्या रात्रीपासून अन्न-पाणी सोडतो, आणि दवाखान्यात पोहोचतो तेव्हा दाहापेक्षा शोष पडल्यानेच अधिक खचलेला असतो. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या अनेक मोठ्या उपचारांचा भार हलका केला, ही उपकाराची गोष्ट आहे. परंतु उलटणाऱ्या आजाराचा खर्च बाह्यरुग्ण विभागात, प्रवासात आणि बुडालेल्या मजुरीत होतो, आणि तो कुठल्याच योजनेच्या चौकटीत नीट बसत नाही.

शोष पडण्याचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण रोजच्या हाताळणीचा तो कणा आहे. मोठे आतडे रोज एक ते दीड लिटर पाणी आणि त्याबरोबर मीठ शरीरात परत घेत असते. ते गेल्यावर हे काम पाउच अंशतःच करतो. दाहात तेवढेही होत नाही. तहान लागली म्हणून असा माणूस नुसते पाणी पितो, ते मिठाच्या अभावी आतड्यात टिकत नाही, उलट आणखी मीठ घेऊन बाहेर पडते, आणि पायात गोळे येणे, डोके जड होणे, लघवी कमी होणे सुरू होते. ऊन लागले असे समजून त्याला आणखी पाणी दिले जाते. यावरचा उपाय याच देशाने जगाला करून दाखवला आहे. 1971 च्या युद्धकाळात बंगालच्या सीमेवरील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीचे थैमान चालू असताना डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले, आणि ग्लुकोज सोबत असले की आतडे मीठ आणि पाणी ओढून घेते हे तत्त्व रणभूमीजवळ सिद्ध झाले. आजच्या ओआरएसच्या पाकिटात एका लिटरसाठी 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते. पाकीट मोठे असेल तर ते पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवावे, चव खारट लागते म्हणून पाणी वाढवू नये, आणि एका दमात न पिता दिवसभर घोटघोट घ्यावे. भाताच्या या मुलखात तांदळाची पेज प्रत्येक घरात होते. मीठ घातलेली पातळ पेज हा पाउचला मानवणारा, मळ घट्ट करणारा आणि मीठ-पाणी पुरवणारा आहार आहे, आणि त्यासाठी कुणाला काही विकत आणावे लागत नाही.

आहाराबाबत याहून फार कडक नियम करणे योग्य नाही. लाखोळीच्या डाळीने वायू धरतो, हिरव्या मिरचीच्या ठेच्याने शौचाच्या वेळी आग होते, रात्री उशिरा जेवले की रात्री उठावे लागते. हे ज्याचे त्याने अनुभवून ठरवावे. मिरचीने आग होते म्हणजे दाह वाढतो असे नव्हे. फळे कमी खाणाऱ्यांत पाउचायटिस अधिक दिसतो असे इस्रायलमधील एका अभ्यासात आढळले आहे, आणि आपल्याकडे पोट बिघडले की पहिल्यांदा फळेच बंद करतात. केळे आणि पपई निदान शांत काळात तरी ताटातून जाऊ नयेत. वर्षातून एकदा रक्तातले लोह, बी-12 आणि ड जीवनसत्त्व तपासावे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्याने फिकट चेहऱ्याच्या माणसाची आधी त्यासाठी तपासणी होते, ती व्हायलाच हवी; पण सिकलसेल नाही असे कळल्यावर तपास तिथेच थांबू नये, कारण झिरपणाऱ्या पाउचमधून लोह नकळत जात राहते.

या आजाराभोवतीची लाज हा त्याचा सर्वांत दुखरा भाग होय. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, लेकीबाळी माहेरी येतात, रात्रभर नाटक चालते आणि सारा गाव मांडवाखाली बसतो. ज्याला तासाभराने उठावे लागते आणि अंधारात कुठे जायचे हे आधी हेरून ठेवावे लागते तो माणूस पहिल्या वर्षी कडेला बसतो आणि दुसऱ्या वर्षी येतच नाही. रोवणीच्या बायकांच्या टोळीत पाउच असलेली एखादी बाई असेल तर तिला धुऱ्याआड जायलाही आडोसा नसतो, वारंवार बांधीबाहेर पडते म्हणून बोल ऐकावे लागतात, आणि कारण सांगता येत नाही. तरुण मुलीच्या बाबतीत लग्नाचा प्रश्न येतो आणि तिथे दुहेरी मौन पाळले जाते, कारण या शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटात आतडी चिकटल्यामुळे गर्भधारणेला वेळ लागू शकतो, ही माहिती डॉक्टरही पुष्कळदा शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट शब्दांत देत नाहीत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकारांचा समावेश झाला आणि त्यात सिकलसेल आला, हे गोंदियाच्या दृष्टीने फार चांगले झाले. आतड्याच्या या दीर्घ आजारांना मात्र त्या यादीत स्थान नाही. त्यामुळे शाळेत परीक्षेच्या वेळी दोनदा उठू देणे किंवा कचेरीत शौचालयाजवळची जागा देणे ही हक्काची गोष्ट न राहता शिक्षकाच्या आणि साहेबाच्या भलेपणावर सोडली गेली आहे. ही उणीव दूर झाली पाहिजे.

उपचारांची सारी वाट चालूनही काही पाउच टिकत नाहीत. दहातल्या एकाच्या आसपास माणसांना कालांतराने पाउच काढून किंवा बाजूला ठेवून कायमचा स्टोमा स्वीकारावा लागतो. त्याकडे पराभव म्हणून पाहण्याचे कारण नाही. रात्रीची सलग झोप, शेतावर निर्धास्तपणे जाणे आणि महिन्याला एक प्रतिजैविक न गिळणे हे ज्या मार्गाने मिळत असेल तो मार्ग त्या माणसासाठी योग्यच होय, आणि तो निर्णय घेण्याचा अधिकार घरातल्या वडीलधाऱ्यांपेक्षा आधी त्याचा स्वतःचा आहे.

गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिथे आतड्याची दुर्बीण आणि ती चालवणारा हात असेल तिथे पाउचची तपासणी करणे अशक्य नाही. अडते ते मागच्या कागदांपाशी. म्हणून ज्या मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते त्यांनी रुग्णाला घरी पाठवताना मराठीतला एकपानी कागद द्यावा. पाउच कोणत्या प्रकारचा, शस्त्रक्रियेचे टप्पे कोणत्या तारखांना झाले, शांत काळात दिवसा आणि रात्री किती वेळा शौच होते, मागच्या वेळी कोणते प्रतिजैविक किती दिवस दिले, कोणत्या वेदनाशामक गोळ्या कधीही द्यायच्या नाहीत, आणि ताप, रक्त किंवा लघवी बंद होणे यांपैकी काय झाले तर वाट न पाहता निघायचे, एवढे त्यावर असावे. रुग्णाने त्याच कागदाच्या पाठीमागे प्रत्येक वेळच्या त्रासाची तारीख आणि घेतलेली गोळी लिहीत जावे, आणि तिसऱ्यांदा आजार उलटला तर गोळीआधी दुर्बिणीची आणि मळाची तपासणी मागावी. ज्यांना असा कागद मिळालेला नाही त्यांनी पुढच्या भेटीत तो मागून घ्यावा. तो मागण्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही.